आधी मला सांग

सोयगावच्या स्टँडवर मी शहराच्या गाडीत बसलो तेव्हा पाटीवर औरंगाबाद लिहिलेलं होतं. आता संभाजीनगर लिहिलेलं असतं. सोळा-सतरा वर्षं झाली. सिल्लोडला आयटीआय करून मला वाळूजच्या एका कंपनीत बोलावणं आलं होतं. खिडकीखाली माझी आई उभी होती. आम्ही तिला मायच म्हणतो. तिनं डबा वर दिला, रडली वगैरे काही नाही. फक्त म्हणाली, "पोचला की मिस कॉल दे. दोनदा वाजू दे, मंग मी कापते." गाडी हलली तशी दोन पावलं सोबत आली आणि पुन्हा म्हणाली, "दोनदा बरं का. एकदा वाजला तर मला काय समजायचं नाय."

अजिंठ्याच्या घाटात रेंज गेली. घर सोडून तासही झाला नव्हता, आणि मी फोन मुठीत धरून विचार करत होतो की आता, याच मिनिटाला, माय स्टँडवरून परत जाताना रस्ता ओलांडत असेल आणि मागून ट्रॅक्टर येत असेल. ट्रॅक्टरचा रंगसुद्धा मला दिसला, लाल होता. शेजारच्या बाईंनी माझ्या तोंडाकडं बघून विचारलं, "उलटी व्हतीय का?" मी मान हलवली. त्यांनी तरीही मला एक लिंबू दिलं.

गावात राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटतं की आम्ही बाहेर पडलो म्हणजे सुटलो. आणि माझ्यासारखे जे निघाले त्यांना हे सांगायची गरज नाही की आपण गाव सोडतो तेव्हा गाव बघणारे डोळे तिथंच राहतात, आपल्याला काही दिसत नाही. जे दिसत नाही ते मी मनानं रंगवत आलो. लाल ट्रॅक्टर ही तर सुरुवात होती.

खरं तर सुरुवात त्याही आधीची. मी दहावीत सिल्लोडच्या वसतिगृहात होतो. एका दुपारी काका मोटरसायकलवर आले. "आबाला जरा बरं नाय, चल," एवढंच बोलले. आबा म्हणजे माझे वडील. अजिंठ्याला काकांनी गाडी थांबवली आणि मला मिसळ घेतली. मला भूक नव्हती. काका म्हणाले, "खाऊन घे, पुन्हा टाइम भेटायचा नाय." मी खाल्ली. गल्लीच्या तोंडाशी टोपी काढून उभी असलेली माणसं दिसली तेव्हा कळलं की काकांनी मला का खायला घातलं. मयताच्या घरात चूल पेटत नाही. पोरगं उपाशी राहील, म्हणून. तरी काकांनी सरळ सांगितलं नाही याचा राग मनात राहिला.

आमच्याकडं मेल्याची बातमी कुणी सरळ सांगत नाही. "सिरियस आहे, लवकर ये" म्हणजे माणूस गेलेला असतो. "जरा बरं नाय" म्हणजेही बहुतेक गेलेलाच. ऐकणाऱ्यानं वाटेत हळूहळू समजून घ्यावं, अशी त्यामागं माया असते. माया आहे हे मला कळतं. पण त्या दिवसापासून मला साधं वाक्य साधं ऐकू येईनासं झालं. संतोष, माझा धाकटा भाऊ, फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणाला की मी विचारायचो, "सगळं म्हणजे काय काय?"

कंपनीत मी क्वालिटीला लागलो. आलेला पार्ट गेज लावून बघायचा, शंका आली की बाजूला काढायचा. म्हणजे मला संशयाचाच पगार मिळतो. तिथं माझं नाव झालं. घरी मात्र या गुणाचं काय करावं हे कुणाला कळेना. लग्न झालं, मुलगी झाली, वाळूजला दोन खोल्यांचा फ्लॅट झाला. बायको सविता म्हणायची, "तुम्हाला इचारच करायचा असला तर गॅलरीत जाऊन करा, हितं मधी उभे ऱ्हाता अन् माझी भाजी करपती." मुलगी शाळेच्या रिक्षातून दहा मिनिटं उशिरा आली की माझ्या डोक्यात पोलीस, पंचनामा सगळं होऊन जायचं. ती दप्तर टाकून पाणी मागायची आणि मी तिच्याकडं असा बघायचो की ती घाबरून विचारायची, "पप्पा, काय झालं?"

आता ती मंगळवारची गोष्ट. कापूस वेचणीचे दिवस होते. सकाळी दहाला मायला फोन लावला, उचलला नाही. अकराला लावला, नाही. संतोषचा बंद. बारापर्यंत मी मायला विहिरीत पाडलं होतं, विजेच्या तारेला चिकटवलं होतं, साप तर दोनदा चावला होता. मग मी शेजारच्या घरी फोन केला, तिथं कुणी नव्हतं. मग सोयगावच्या मामांना. मग अजिंठ्याच्या मावशीला. मावशीला मी एवढंच म्हणालो, "मावशी, मायचा फोन लागत नाही, जरा बघता का?" पण बोलताना माझा गळा दाटला.

मावशीही आमच्याकडचीच. तिनं तेच ऐकलं जे ऐकायची तिला आयुष्यभराची सवय होती. शहरातला पोरगा भरदिवसा फोन करतो, आवाज फुटलेला आहे, आणि म्हणतो, फोन लागत नाही. तिनं फोन ठेवला आणि हंबरडा फोडला. पुढचं मला नंतर तुकड्या-तुकड्यानं कळलं. मावशीनं मामांना फोन केला, त्यांनाही माझा फोन येऊन गेलेला होता, मग तर शंकाच उरली नाही. तीन वाजता अजिंठ्याहून दोन जीप भरून माणसं आमच्या दारात मातीला येऊन उतरली. मावशीनं वाटेत दुकानातून नवं लुगडं घेतलं होतं. बहिणीला शेवटचं नेसवायला.

माय शेतात होती. फोन घरी चार्जिंगला लावलेला. ती कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन गल्लीत आली आणि तिला आपल्या दारात माणसं दिसली. टोप्या काढलेली. बायका रडत होत्या. आणि मायला, माझ्याच मायला, एकच वाटलं. की राजू, म्हणजे मी, गेला. शहरात, कंपनीत, मशीनमध्ये, कुठं तरी राजू गेला आणि ही माणसं मला सांगायला आलीत. गाठोडं खाली पडलं आणि पाठोपाठ तीही. गुडघा फुटला.

मी दुपारीच कंपनीतून सुट्टी टाकून गावाकडं निघालो होतो, तेव्हा घाटात होतो. रेंज नव्हती. सिल्लोडपासून फोन बंद पडेपर्यंत मी लोकांना लावत होतो आणि सगळे एंगेज लागत होते, आणि एंगेज म्हणजे काय हेही मी ठरवून टाकलं होतं. दिवस मावळायला घरी पोचलो. ओट्यावर पंचवीस माणसं चहा पीत बसली होती. माय मधोमध, गुडघ्याला हळद बांधलेली. मावशीनं पिशवीतलं लुगडं काढून मायच्या मांडीवर ठेवलं. माय ते उलगडून काठ बघत म्हणाली, "काठ चांगला हाये गं. दिवाळीला नेसते." लोक हसले. मीही हसलो. माय हसली नव्हती, हे मला तेव्हा दिसलं नाही.

माणसं गेल्यावर ती माझ्याजवळ आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "तितका येळ तू मेला व्हतास माझ्यासाठी." 

दुसऱ्या दिवशी शिफ्टला गेलो. आमच्या विभागात रफिकभाई आहेत, सिल्लोडचे, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, सीएनसी मशीनवर. त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं हसतील. ते पार्ट पुसत राहिले, मग म्हणाले, "राजूभाई, सोचना गुनाह नक्को समझो. मगर तुम अकेले सोचते, अउर फोन चार जनों को करते. उल्टा करो. सोचे सो मेरेकू बोलो, पूरा, आखिर तक. अउर फोन एकीच करो." मी त्यावेळी हो म्हणालो आणि विसरून गेलो. शरमेचा उपयोग होईल, आपोआप सुधारू, असं मला वाटत होतं.

सुधारलो नाही. आणि त्याची शिक्षा मला पुढच्या वर्षी कळली. संक्रांतीला गावी गेलो तर माय पाण्याची बादली उचलत नव्हती. मनीषा, संतोषची बायको, धावून येऊन तिच्या हातातलं काढून घ्यायची. मी विचारलं तर संतोष जमिनीकडं बघायला लागला. शेवटी मनीषाच म्हणाली, "भाऊजी, मायचं पित्ताच्या पिशवीचं आपरेशन झालं. जळगावला. दोन महिने झाले."

दोन महिने. आठ-नऊ रविवारचे फोन झाले होते त्यात. एका रविवारी तर ती दवाखान्याच्या खाटेवरून माझ्याशी बोलली होती आणि म्हणाली होती की पोहे करतेय. मी ओरडलो. संतोषला नको ते बोललो. तेव्हा माय उठून आली, भिंतीला धरून, आणि म्हणाली, "त्याला काऊन बोलतो? मीच म्हणले, राजूला सांगू नका. तुला सांगणं म्हंजे धा गावाला सांगणं. दुखणं माझं, अन् सांभाळायचं तुला. मला नाय जमत आता ते."

मला राग आला होता, पण रागाखाली भीती होती ती वेगळीच. आजवर मला वाटायचं की मी इतका विचार करतो म्हणजे मीच घराचा सगळ्यात जवळचा. आणि घरानं मला परक्यासारखं बाहेर काढलं होतं. शेजारच्या दुकानदाराला माहीत होतं, मला नव्हतं. पाहुण्याला सांगतात तसं मला "सगळं ठीक आहे" सांगत होते. मी मायला म्हणालो, "पुढं काही झालं तर आधी मला सांग. मी कुणाला फोन करणार नाही." ती म्हणाली, "बघू." बघू म्हणजे नाही, एवढं मला विचार न करताही कळलं.

मग मात्र मी रफिकभाईंकडं गेलो. त्यांची रीत अशी होती की डोक्यात जे चाललंय ते मोठ्यानं बोलायचं, अर्धवट नाही, शेवटपर्यंत. मशीनच्या आवाजात ओरडूनच बोलावं लागायचं. "मुलीची रिक्षा आली नाही!" "फिर?" "म्हणजे पंक्चर झाली असेल!" "फिर?" "म्हणजे रिक्षावाल्यानं पोरांना रस्त्यावर उतरवलं असेल!" "फिर?" इथपर्यंत आलो की माझं मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं. डोक्यात जे खरंच घडलेलं वाटत होतं ते ओरडून सांगताना बोलताच यायचं नाही. कधीकधी मात्र शेवटपर्यंत बोललं तरी भीती तशीच राहायची. तेव्हा रफिकभाई "फिर" म्हणायचे नाहीत. ते म्हणायचे, "हौ, ये डरने की बात है. एक फोन लगाओ. एकीच सवाल पूछो. जो जवाब आया सो मानो."

जवाब मानणं हे सगळ्यात अवघड. रविवारी मायला विचारायचो, "तब्येत कशी आहे?" ती म्हणायची, "बरी हाये." आणि मला तोंड दाबून गप्प बसायचं असायचं. सविता समोर बसून माझ्याकडं बघायची, जणू मी परीक्षेला बसलोय. "आवाज का बसलाय? संतोष कुठंय? पोहे खरंच करतेयस का?" हे सगळे प्रश्न जिभेवर येऊन परत जायचे. फोन ठेवल्यावर मी गॅलरीत जाऊन उभा राहायचो. सवय मोडली असं मी म्हणणार नाही. पण ती मी माझ्याजवळ ठेवायला शिकलो, दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकली नाही.

माय मला पारखत होती, हे मला उशिरा लक्षात आलं. एकदा म्हणाली, "गाय मेली." मी म्हणालो, "वाईट झालं. तू जेवलीस का?" पुढच्या वेळी म्हणाली, "वाऱ्यानं गोठ्याचे पत्रे उडाले, संतोषच्या हाताला लागलं, तीन टाके." मी म्हणालो, "बरं. डॉक्टरांकडं पुन्हा कधी बोलावलंय?" तिनं सांगितलं. मी कुणालाच फोन केला नाही, संतोषलासुद्धा नाही. दोन दिवसांनी त्यानंच केला. "दादा, तू फोन नाय केला," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात थोडी नाराजीही होती. माणसांना आपल्या काळजीची सवय झालेली असते, ती काढून घेतली की त्यांनाही चुकल्यासारखं होतं.

असं दीड वर्ष गेलं. गेल्या महिन्यात, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, मायचा फोन आला. मिस कॉल नाही, पूर्ण फोन.

"राजू, बस कुठं तरी," ती म्हणाली. मी बसलो. "छातीत गाठ लागलीय. सिल्लोडच्या डॉक्टरीणबाईनं तुमच्या तिकडं दाखवा म्हणलं. संतोषला अजून नाय सांगितलं. तुला आधी सांगितलं."

कँटीनमध्ये गोंगाट होता. माझ्या डोक्यात एका क्षणात सगळं उभं राहिलं, अगदी शेवटापर्यंत, माणसं, टोप्या, लुगडं. मला आठवतं की मी डबा बंद केला आणि झाकण नीट बसलंय का ते बघितलं. मग म्हणालो, "कधी येतेस?"

"परवा येऊ?"

"ये. मी स्टँडवर येतो."

"बाकी काय इचारायचं नाय तुला?"

"आल्यावर विचारतो."

ती म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला. मी रफिकभाईंकडं गेलो, त्यांना सगळं बोललो, शेवटपर्यंत. ते "फिर" म्हणाले नाहीत.

संतोषला सांगून माय आली. तपासण्या झाल्या, गाठीचा तुकडा काढून पाठवला. रिपोर्टला आठ दिवस होते. ते आठ दिवस आमच्या दोन खोल्यांत माय मेथी निवडत, माझ्या मुलीची वेणी घालत बसली आणि मी घरात, कंपनीत, रस्त्यावर, सगळीकडं तो न आलेला रिपोर्ट वाचत होतो. खोटं कशाला सांगू. फक्त तिच्यासमोर वाचत नव्हतो.

नवव्या दिवशी डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. मायला बाहेर बाकावर बसायला सांगितलं. ही शहरातली, शिकलेली माणसं, पण रीत तीच, पेशंटला नाही, मुलाला सांगायचं. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर आहे, लवकर सापडलाय, ऑपरेशन करायचं, मग पुढची औषधं. आणि म्हणाले, "आईंना आत्ताच सगळं सांगायची घाई करू नका." मी केबिनच्या आतूनच संतोषला फोन केला. एकच फोन. तो रडला आणि तेच म्हणाला, "दादा, मायला नको सांगू. साधी गाठ हाये म्हण. धसका घेईल."

दार आणि बाक यांच्यात पंधरा-वीस पावलं असतील. तेवढ्यात माझ्याकडं वाक्यं तयार झाली. साधी गाठ आहे. काढून टाकली की झालं. काळजीचं काही नाही. प्रत्येक वाक्य चांगलं होतं, मायेचं होतं. काकांना त्या दुपारी माझ्यासमोर मिसळीचं ताट ठेवताना कसं वाटलं असेल ते मला पहिल्यांदाच कळलं, आणि त्यांच्यावरचा इतक्या वर्षांचा राग तिथंच गेला. तेही घाबरले होते, दुसरं काही नाही.

माय माझ्या तोंडाकडं बघत होती. ती बघत होती तसं मी आयुष्यभर लोकांच्या तोंडाकडं बघत आलोय. ही सवय मला कुणाकडून आली ते मला दिसलं. मी शेजारी बसलो आणि म्हणालो, "माय, कॅन्सर आहे. लवकर सापडलाय. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन करायचं, मग औषधं सुरू होतील."

तिनं पदर मुठीत धरला. मग विचारलं, "आजून काय?"

"एवढंच. डॉक्टर बोलले ते सगळं सांगितलं."

"मागं काय ठेवलं नाय ना?"

"नाही."

तिनं माझ्याकडं बघितलं, आधीसारखं शोधत नाही, नुसतं. "मंग बरं," ती म्हणाली. "नायतर मी तुझं तोंडच वाचत बसले असते." आणि तिनं डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं. असं तिनं कधी केलेलं मला आठवत नाही.

ऑपरेशन व्हायचं आहे. त्याचं काय होईल ते मला माहीत नाही, आणि भीती वाटते, खूप वाटते. तुम्ही गावाकडून फोन कराल तेव्हा मी तुम्हाला जे आहे ते सांगेन, तुम्हीही मला तसंच सांगा. सोयगावजवळचं घर तिथंच आहे, त्याच्या गोठ्याचे पत्रे नवे आहेत. वाळूजचा फ्लॅटही आपल्या जागी आहे. पण घर म्हणजे काय असं आज मला कुणी विचारलं तर मी दवाखान्यातला तो बाक दाखवीन. तिथं मायनं मला विचारलं, मी सांगितलं, आणि तिनं ते मानलं.